दीड टन गारवा

गेल्या एप्रिलात आमच्या पुण्याच्या घरातला ए.सी. बंद पडला. म्हणजे आवाज करत होता, दिवा लावत होता, आकडेही दाखवत होता. फक्त गार तेवढं करत नव्हता. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे बंद पडण्याचा हा प्रकार मला नवा नव्हता.

दुरुस्तीला आलेला मुलगा आमच्या नातवापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल. स्टुलावर चढला, झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, बाहेरच्या गॅलरीत जाऊन आला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, गॅस गेलाय."

"कुठे?"

"गेला. लीक झाला."

"मग? मला घरच्या घरी काही करता येईल?"

त्याने माझ्याकडे दयाळूपणे पाहिलं. "तुम्ही ना काका, फिल्टर धूत जा."

ज्या माणसाने आयुष्यात घरातली एकही वस्तू उघडून बघितल्याशिवाय सोडली नाही, त्याचा मी मुलगा. आमच्या नानांनी घड्याळ उघडलं, रेडिओ उघडला, शिवणयंत्र उघडलं, एकदा तर शेजाऱ्यांचं ग्रामोफोन त्यांना न सांगता उघडलं. त्यांच्या वंशात आता दर पंधरा दिवसांनी प्लॅस्टिकची जाळी नळाखाली धरणं एवढंच उरलं.

मुलगा पाणी पीत होता तेव्हा हिने त्याला विचारलं, "काय रे, हा दीड टनाचा आहे म्हणतात, मग भिंतीवर टिकतो कसा?"

"काकू, ते वजन नाही. ती साइज असते."

"साइज टनात?"

त्याने भांडं पालथं घातलं, "कंपनीच तसं लिहिते," म्हणाला, आणि उद्या गॅस भरायला येतो असं सांगून निघून गेला. आम्ही दोघं खिडकी उघडून, पंखा पाचावर लावून, दीड टन म्हणजे काय याचा विचार करत बसलो. हिचा विचार दहा मिनिटांत संपला. माझा लांबला. या वयात लांबतो.

तर हा टन बर्फाचा आहे. यंत्रं गारवा करू लागली त्याआधी गारवा विकत घ्यायचा म्हणजे बर्फ विकत घ्यायचा, एवढंच लोकांना माहीत. त्यामुळे यंत्र पुढे केलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असणार, हे रोज किती बर्फाचं काम करील? एक टन बर्फ, म्हणजे अमेरिकन टन, 2000 पौंड, आपले 907 किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो तेवढी शोषणारं यंत्र ते एक टनाचं. मोटारीला जसा घोडा चिकटला तो चिकटलाच, तसा ए.सी.ला बर्फ. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर, हिशेबाने, दिवसाला 1360 किलो बर्फ वितळत असतो. तासाला सुमारे 57 किलो. आणि त्यात दोन म्हातारी माणसं पांघरूण घेऊन झोपलेली असतात.

हा बर्फ आपल्याकडे खरोखरच जहाजातून आला होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या गृहस्थाने गावाकडच्या तळ्यांवर थंडीत धरलेला बर्फ कापून तो गरम देशांना विकण्याचा धंदा काढला. लोक त्याला वेडा म्हणाले, आणि सुरुवातीला पैसे बुडत होते तोवर त्यांचं म्हणणं फारसं चुकीचंही नव्हतं. 1833 साली त्याने 'टस्कनी' या जहाजात 180 टन बर्फ भरला, भोवती लाकडाचा भुसा ठासला आणि जहाज कलकत्त्याला धाडलं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. जहाज पोचलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. म्हणजे वाटेत ऐंशी टन गेला. पण आमच्याकडे बाजारातून बर्फ आणताना सायकलच्या कॅरिअरवरून याहून जास्त गळायचा. कलकत्त्याच्या साहेब लोकांनी वर्गणी काढून बर्फघर बांधलं. पाठोपाठ मुंबईत, मद्रासेत बर्फघरं झाली. मद्रासचं अजून समुद्रकाठी उभं आहे. पुढे 1897 साली विवेकानंद तिथे राहिले, त्यामुळे आता ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

मी कागदावर गणित मांडलं. टस्कनीने आणलेला तो सगळा 100 टन बर्फ माझ्या दीड टनी ए.सी.च्या कामाला लावला असता तर 66 दिवस पुरला असता. एप्रिल आणि मे धरून 61 दिवस होतात. म्हणजे सबंध कलकत्त्याने ज्याचे सोहळे केले तो बर्फ आमच्या एका बेडरूमच्या एका उन्हाळ्यात संपला असता, वर पाच दिवस जूनचे. ही बेरीज मी हिला दाखवली. ती म्हणाली, "म्हणूनच बिल एवढं येतं."

बोस्टनचा बर्फ येण्याआधी आपल्याकडे गारवा नव्हता असं मात्र कुणी समजू नये. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या पाण्याच्या खात्यावर तपशीलवार लिहिलं आहे. बादशहाचं पाणी सोऱ्याने गार करत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई धरून हलवत बसायचं. दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातला बर्फ येऊ लागला. आणि वाळा. वाळ्याच्या मुळ्यांच्या खोल्या करून त्यांवर पाणी मारलं की भर उन्हाळ्यात थंडी अवतरते, आणि ही रीत बादशहाच्या हुकमाने सुरू झाली, असं अबुल फज्ल सांगतो. ज्याचा गोपनीय अहवाल ज्याच्या हातात, त्याच्याविषयी माणूस आणखी काय लिहिणार? वाळा आणि त्यावर पाणी मारणारी माणसं अकबराच्या आधीही असणारच. त्यांच्याकडे अबुल फज्ल नव्हता.

वाळ्याचा हा जो विणलेला पडदा, तिला आम्ही नागपूरकर ताटी म्हणतो. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांना जी उघडायला सांगितली तीही ताटीच. इंग्रजांनी हिंदीतली टट्टी उचलून तिचं 'टॅटी' केलं आणि साऱ्या बंगल्यांच्या दारा-खिडक्यांना लावली. (टट्टीचं हिंदीत पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. आडोसा म्हणता म्हणता आडोशामागची जागा झाली. शब्दांनाही संगत भोवते.)

आता ताटी ही अशी वस्तू आहे की ती स्वतःहून काही करत नाही. तिच्यावर कुणीतरी सारखं पाणी मारावं लागतं. तो भिश्ती. पखाल पाठीवर घेऊन तो बाहेर उन्हात उभा, आणि आत साहेब गार. खोलीत छताला टांगलेला कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात आलेली, आणि ती रात्रभर ओढणारा पंखेवाला. त्याला झोप लागली की दोरी थांबे, दोरी थांबली की साहेब जागा होई. जाग्या झालेल्या साहेबाच्या लाथेने पंखेवाला मेल्याची प्रकरणं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोर्टात आली. डॉक्टर साक्ष देत की या माणसाची प्लीहा हिवतापाने आधीच वाढलेली होती, ती फुटली, लाथ तशी जोराची नव्हती. साहेब थोडक्या शिक्षेवर किंवा दंडावर सुटे. गारव्याच्या इतिहासात बर्फाचे टन मोजलेले सापडतात. दोरी ओढणाऱ्यांची नावं शोधायला जावं तर अशा खटल्यांच्या कागदात सापडतात, म्हणजे मेल्यावर.

1830च्या दशकात साहेब लोकांनी एक पेटारा काढला. मोठा लाकडी पेटारा, बाजूंना ओल्या ताट्या, आत धान्य उफणायच्या यंत्रासारखी फिरती पाती, आणि सबंध प्रकरण खिडकीला लावायचं. पाती फिरली की बाहेरची लू ताट्यांतून गाळून, गार होऊन, वाळ्याचा वास घेऊन खोलीत. नाव मोठं भारदस्त ठेवलं होतं, 'थर्मँटिडोट', उष्णतेवरचा उतारा. नागपूर-अमरावतीच्या वाचकाने एव्हाना ओळखलं असेल की हा आपला कूलर. फरक एवढाच की पाती फिरवायला एक माणूस दांडा धरून उन्हात उभा असे.

त्याची सुटका विजेने केली, पण सुटकेबरोबर नोकरीही गेली. अमेरिकेत फिलिप डील नावाच्या, शिवणयंत्राच्या कारखान्यातल्या कारागिराने 1880च्या दशकात शिवणयंत्राची मोटर छताला लावून तिला पाती जोडली. कलकत्त्यात 17 एप्रिल 1899 रोजी वीज विकायला सुरुवात झाली. एप्रिल महिना कुणी निवडला ते माहीत नाही, पण त्याला धंदा कळत होता.

आमच्यासारख्यांच्या घरी अर्थात पंखेवाला कधीच नव्हता. भिश्ती मात्र होता. तो मी.

आम्ही नागपूरला धरमपेठेत भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहत होतो. पश्चिमेच्या गॅलरीला उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लागत आणि दुपारी बारा ते चार दर पंधरा मिनिटांनी तांब्याने त्यांवर पाणी मारायचं काम 1964 पासून माझ्याकडे होतं. मजुरी दुपारभराचे पाच पैसे, म्हणजे चौकातला बर्फाचा एक गोळा. मी पाणी मारत असताना आत नाना, आई, आजी आणि पाहुणे झोपत. पाणी थांबलं की आजी जागी होई. लाथ मात्र नव्हती, ती नुसतीच "मेला कुठे?" असं विचारी.

नाना कचेरीत हिशेब करत आणि घरी दुरुस्त्या करत. दुसरं काम त्यांना जास्त आवडे. हिवाळ्यात त्यांचं लक्ष तांब्याच्या बंबावर असे. दर रविवारी तो चिंचेने घासून लख्ख करायचा, मधल्या नळकांड्यातली काजळी काठीला चिंध्या बांधून काढायची, गळक्या तोटीला सूत गुंडाळायचं. नागपूरच्या थंडीत घर गरम करण्याची आमची सोय म्हणजे तो बंब आणि एक शेगडी, आणि दोन्हींभोवती बसायचा हक्क आजीचा पहिला. त्यामुळे त्या विषयात इतिहास फारसा घडला नाही.

इतिहास घडला तो 1968 साली, कूलरने. कचेरीतल्या कुणाकडे तरी नानांनी तो पाहिला आणि घरी येऊन हिशेबाच्या रद्द कागदामागे चित्र काढलं. विकतचा घेण्याचा प्रश्नच नव्हता. परवडत नव्हता आणि परवडला असता तरी नानांनी घेतला नसता. हे खूळ त्यांचं एकट्याचं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात, जिथला उन्हाळा आमच्या नागपूरला भाऊ म्हणेल असा, तिथे 1930च्या दशकात लोक घराच्या मागच्या अंगणात हेच करत होते. कोंबड्यांच्या जाळीत लाकडाचा कीस भरायचा, वर ठिबकणारं पाणी सोडायचं, मागे टेबलफॅन. तिथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी तर घरी कूलर कसा बांधावा याच्या सूचनाच छापून काढल्या. नानांना अ‍ॅरिझोना माहीत नव्हतं. त्यांना इतवारीतला पत्रेवाला माहीत होता.

पत्रेवाल्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, कूलर बनवून राहिले का गव्हाची कोठी?"

"तू माप बघ. खिडकीचं आहे."

माप खिडकीचं अगदी काटेकोर होतं. जिन्याचं कुणी घेतलं नव्हतं. कूलर हातगाडीवरून आला आणि पहिल्या वळणावर अडकला. मग गच्चीवरून दोर सोडून, खालून बांबूने ढकलून, चार बिऱ्हाडांतल्या पुरुषांनी तो वर घेतला. समोरच्या घरातले काकाजी खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री त्या चारही बिऱ्हाडांतली पोरं आमच्याकडे झोपायला आली. माझी भिश्त्याची नोकरी गेली. पाच पैशांबद्दल मी तक्रार केली तेव्हा नानांनी मला पंपाकडे बोट दाखवून सांगितलं, "तो काही मागत नाही."

नंतर दर वर्षी होळी झाली की कूलर लावायचा सोहळा. गेल्या वर्षीच्या ताट्या काढल्या की खाऱ्या पाण्याने त्यांवर पांढरा थर चढून पापडासारख्या झालेल्या असत. टप घासायचा, गंज काढायचा, आतून डांबर मारायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. पाण्याच्या नळीची भोकं टाचणीने एकेक मोकळी करायची. पंप उघडून पातं साफ करायचं, त्याच्या तोंडाला जुन्या बनियनचा तुकडा बांधायचा. पंख्याला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, तीन नाहीत. मग नवा वाळा भिजवून जाळीत भरायचा. हे काम नाना कुणाला देत नसत. वाळा कुठे विरळ राहिला की हवा तिथूनच घुसणार, कोरडीच. "हवा आळशी असते," नाना म्हणत, आणि माझ्याकडे बघत. भरून झालं की पंखा चालू करून वर्तमानपत्राचा कपटा ताटीवर बाहेरून धरायचे. सगळीकडे सारखा चिकटला तर पास.

आणि समोरच्या भिंतीतली खिडकी चार बोटं उघडी. यावरून आमच्याकडे पाहुण्यांशी वाद होत. गारवा बाहेर जातो म्हणून पाहुणे ती लावून घेत आणि तासाभरात घामाघूम होऊन कूलरला शिव्या देत. कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी घालून. ती ओली झालेली हवा बाहेर गेली नाही तर पुढच्या हवेत पाणी मावणार कुठे? मे महिन्यात नागपूरची 44 अंशांची खडखडीत कोरडी हवा चांगल्या ताटीतून 29-30 अंशांवर येते. तीच ताटी मुंबईला लावली तर तीनेक अंशांचा फरक आणि घरभर बुरशी. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की नागपुरातही कूलर म्हणजे नुसता आवाज. विज्ञान एवढंच. पण परवा मी त्याचा हिशेब केला आणि चाट पडलो. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी घेतो. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना जवळजवळ 580. म्हणजे नानांच्या टपातलं एक लिटर पाणी सात किलो बर्फाच्या तोडीचं. माझ्या दीड टनी ए.सी.च्या तासाभराच्या कामाला तिथे आठ लिटर, अर्धी बादली पुरते. ट्यूडरने भुशात गुंडाळून विषुववृत्ताचे दोन फेरे करून जे आणलं त्याच्या सातपट आमच्या आजीच्या माठाच्या बुडाशी गळत होतं.

इथवर सगळं गमतीचं आहे. पण कूलर म्हणजे पत्रा, पाणी आणि वीज एकाच पेटाऱ्यात, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी पेपरात येतेच, अजूनही. नानांनी पहिल्याच वर्षी कूलरच्या पायाला भोक पाडून, तिथे स्क्रूने तांब्याची जाड वायर बांधून ती खाली पाण्याच्या नळापर्यंत नेली होती. तेव्हा नळ लोखंडी असत आणि सरळ जमिनीत जात, म्हणून लोक अर्थिंगला तोच धरत. (आज प्लॅस्टिकच्या नळाला कुणी वायर बांधून निर्धास्त झोपू नये. वायरमनकडून नीट अर्थिंग करून घ्यावं, आणि 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर मिळतो तो बसवावा.)

1976 साली मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे विजेबद्दल सगळं कळून चुकल्याचं जे वय असतं, त्या वयाचा. त्या वर्षी कूलर मी लावतो म्हणालो. नाना काही बोलले नाहीत, फक्त शिवणयंत्राच्या तेलाची बुधली माझ्यापुढे ठेवली. मी सगळं केलं आणि वर हौसेने चंदेरी रंग दिला. रंगाच्या आड येत होती म्हणून ती वायर सोडली. दुसऱ्या दिवशी बांधायला गेलो तर स्क्रूचं भोक रंगाने बुजलेलं. मग वायर पायाभोवती चार वेढे गुंडाळली आणि वरून पट्टी मारली. दिसायला झकास दिसत होतं. रंगातून वीज जात नाही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पंपाच्या मोटरीत पाणी शिरलं. आई ओल्या हाताने टपात बादली ओतत होती. तिच्या हाताची मागची बाजू पत्र्याला लागली आणि ती मागे भिंतीवर जाऊन आदळली. मागची बाजू लागली म्हणून हात आखडून आपोआप सुटला. पंजाने धरलं असतं तर पंजा मिटून तसाच राहिला असता. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, नानांच्या समोर.

नानांनी मेन स्विच पाडला, आईला साखरेचं पाणी दिलं, डॉक्टर गेल्यावर टेस्टर घेऊन कूलरपाशी गेले आणि पट्टी सोडवून ते चार वेढे बघत उभे राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस कूलर बंद होता. आम्ही सगळे गच्चीवर झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुना चाकू माझ्या हातात दिला. "पायाचा रंग खरवड. पत्रा चमकेपर्यंत." मी खरवडला. त्यांनी स्क्रूचे आटे मोकळे केले, वायर बांधली, ओढून पाहिली. आईचा हात महिनाभर दुखत होता. ती एकदा म्हणाली, "रंग मात्र छान दिला होतास हो." नानांनी तो विषय जन्मात पुन्हा काढला नाही.

फक्त मी नोकरीला पुण्याला आल्यावर दर एप्रिलात त्यांचं एक पोस्टकार्ड येऊ लागलं. मजकूर दरसाल सारखाच. कूलर लावला. ताट्या नव्या घातल्या. वायर खरवडून बांधली. सर्व ठीक. अशी एकोणीस कार्डं माझ्याकडे आहेत. विसावं आलं नाही.

ए.सी.चा इतिहास सांगायचा राहिला, पण तो त्या मानाने कोरडा आहे. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकावर एक बसत नसत, म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढायचं यंत्र आखलं. म्हणजे ए.सी. मुळात माणसांसाठी नव्हता, कागदासाठी होता. लेखक घामाने निथळत लिहितो आणि त्याचं लिखाण गार हवेत छापलं जातं, ही परंपरा तेव्हापासूनची. पुढे जो गॅस त्यात भरत तो आभाळातल्या ओझोनला भोक पाडतो असं निघालं आणि 1987च्या माँट्रियल करारापासून तो घालवायची सुरुवात झाली. गॅस बदलत गेले, पेटारा मात्र सीलबंद झाला तो झालाच. 2020 पासून नवा ए.सी. चालू केला की आपण होऊन 24 अंशांवर सुरू व्हावा असा सरकारी नियम आहे. आमच्याकडे मुलगा आला की तो 18 करतो, तो गेला की ही 27 करते. सरासरी सरकारच्या जवळपास पडते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा गॅस भरायला आला. तासभर खटपट करून, गळतीची जागा जोडून, गेज लावून त्याने गॅस भरला. गार हवा आली. बिल लिहायला बसला तेव्हा मी म्हटलं, "बाहेरच्या युनिटचं अर्थिंग बघितलंस?"

"आहे ना काका. हिरवी वायर आहे."

"दिसतेय रे. स्क्रूखाली रंग आहे का ते बघ."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "बघ बाबा. नाहीतर ते तुला जाऊ देणार नाहीत." तो निमूटपणे गॅलरीत गेला, स्क्रू काढला, आणि बराच वेळ वाकून राहिला. मग आत येऊन म्हणाला, "काका, चाकू आहे का एखादा?"

मी चाकू दिला, आणि फिल्टर धुवायला घेतला.